कुलूप कॉम्प्युटरला लागलं होतं, आपण ते खोलीला लावलं



एरवी इथं मी भाषेचे आणि परिसर अभ्यासाचे पाठ लिहिते. आज कॉम्प्युटरबद्दल लिहिणार आहे. मी काही संगणक शिक्षिका नाही. डी.एड. करताना आम्हाला कॉम्प्युटर चालू कसा करायचा, बंद कसा करायचा आणि मधल्या वेळात वर्डमध्ये स्वतःचं नाव कसं टाइप करायचं, एवढंच शिकवलं होतं. पण गेल्या वर्षी आमच्या शाळेत जे झालं त्यावरून माझं एक मत पक्कं झालंय. ते सांगताना माझी स्वतःची एक चूकही सांगावी लागणार आहे, म्हणून लिहायला जरा उशीर झाला.

आमची शाळा पुण्यातली, पहिली ते सातवी, मराठी माध्यमाची. संगणक कक्षात अकरा कॉम्प्युटर, त्यातले आठ चालू. एका कंपनीने वापरून झाल्यावर दिलेले, विंडोज ७ वाले. दिवाळीच्या सुट्टीनंतर कक्ष उघडला तर तीन नंबरच्या मशीनवर सगळ्या फोल्डरच्या चित्रांवर छोटा बाण आलेला. एका फोल्डरवर क्लिक केलं तर उघडतंय, दुसऱ्यावर केलं तर काहीच नाही. मशीन इतकं हळू की पंख्याचा आवाज तेवढा येतोय. कंट्रोल, आल्ट, डिलीट दाबून टास्क मॅनेजर उघडायला गेले तर इंग्रजीत पाटी आली, की तुमच्या ॲडमिनिस्ट्रेटरने टास्क मॅनेजर बंद करून ठेवलेला आहे. ॲडमिनिस्ट्रेटर कोण? मी मुख्याध्यापक सरांकडे पाहिलं, सरांनी माझ्याकडे. फोल्डर ऑप्शन्स मेनूतून गायब. रजिस्ट्री उघडायला गेलं की तशीच पाटी. म्हणजे घर आपलं, पण एकेका खोलीला कुणीतरी कुलूप घालून किल्ली घेऊन गेलंय.

दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, ‘फॉरमॅट मारावं लागेल.’ मारलं. बाकीच्या सात मशीनचे किती होतील ते त्याने सांगितलं तेव्हा सर म्हणाले, अनुदान आलं की बघू. स्टाफरूममध्ये निकाल लागला होताच: सातवीच्या पोरांनी गेम टाकले असणार. दुपारी शिपाई मामांनी कक्षाला कुलूप घातलं आणि किल्ली ऑफिसच्या कपाटात गेली. ती मार्चमध्ये बाहेर आली.

मधे पालकसभा झाली. एका वडिलांनी विचारलं, शाळेच्या कॉम्प्युटरला व्हायरस लागलाय असं ऐकतोय, आमची आधार कार्डं, खाते क्रमांक त्यात आहेत, कॉसमॉस बँकेसारखं काही होणार नाही ना? हसण्यावारी नेण्यासारखा प्रश्न नव्हता. ऑगस्ट २०१८ मध्ये आपल्याच शहरातल्या कॉसमॉस बँकेच्या एटीएम व्यवस्थेत मालवेअर घुसवून चोरांनी खोटी कार्डं वापरली, २८ देशांतून पैसे काढले, आणि दोनच दिवसांनी हाँगकाँगच्या खात्यात आणखी रक्कम वळवली. सगळे मिळून ९४ कोटींहून जास्त गेले. पुण्यातल्या माणसाला ‘व्हायरस’ म्हटलं की ते आठवणारच. पण आमच्या सभेत त्या प्रश्नाचं उत्तर काय दिलं गेलं? ‘काळजी नको, खोली बंद केलीय.’ ज्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर खरी माहिती होती, सरलची, शालार्थची, यू-डायसची, तो तर रोज चालूच होता! बंद केली होती ती मुलांची खोली.

आता माझी चूक.

डिसेंबरमध्ये घरी लॅपटॉपला माझा पेन ड्राइव्ह लावला तर अँटीव्हायरसने आरडाओरडा केला. पेन ड्राइव्हमध्ये एक लपवलेली फाइल होती. तिची तारीख पाहिली. पहिल्या सत्राच्या संकलित मूल्यमापनाच्या प्रश्नपत्रिका काढायला मी झेरॉक्सच्या दुकानात गेले होते, तोच दिवस. त्यानंतर मी काय केलं होतं? आमच्या सहावी-सातवीच्या मुलांनी हस्तलिखितासाठी पहिल्यांदाच स्वतः टाइप करून गोष्टी लिहिल्या होत्या. एकतीस गोष्टी, वेगवेगळ्या मशीनवर. त्या एकत्र करायच्या म्हणून हाच पेन ड्राइव्ह मी आठही मशीनला फिरवला होता. म्हणजे झेरॉक्सच्या दुकानातून घरपोच व्हायरस आणून दिला तो मी, आणि नाव आलं सातवीवर.

हे कळल्यावर मी जवळजवळ दोन महिने गप्प बसले. कारण सांगण्यासारखं नाही, फक्त भीती होती. त्या दोन महिन्यांत एका मुलाच्या आईने त्याला ‘तूच काहीतरी केलं असशील’ म्हणून झोडलं, हे मला नंतर समजलं.

असे व्हायरस फिरतात कसे ते शिक्षकांना माहीत पाहिजे, म्हणून सांगते. तो पेन ड्राइव्हमधली आपली खरी फोल्डरं लपवतो आणि त्याच नावाचे शॉर्टकट बनवून ठेवतो, म्हणून तो छोटा बाण. आपण शॉर्टकटवर क्लिक केलं की आधी तो स्वतः चालतो आणि मग आपलं फोल्डरही उघडून देतो. त्यामुळे शंकाच येत नाही. पूर्वी तर पेन ड्राइव्ह नुसता लावला तरी आपोआप चालायचा. ते आपोआप चालणं विंडोज ७ मध्ये मायक्रोसॉफ्टने बंद केलं आणि २०११ मध्ये जुन्या एक्सपीलाही तसा अपडेट दिला. आता त्याला आपल्या बोटाची गरज लागते. ते बोट आमच्याकडे माझं होतं.

फेब्रुवारीत आमचा एक माजी विद्यार्थी दाखला न्यायला आला. आयटीआयमध्ये कोपाचा ट्रेड करतो. बोलता बोलता विषय निघाला तर म्हणाला, ‘बाई, फॉरमॅट कशाला मारला? सेटिंगच बंद केलं असेल फक्त.’ मी म्हटलं, ‘अरे, येतोस का एखाद्या शनिवारी?’ मग आधी सरांकडे जाऊन पेन ड्राइव्हचं सगळं सांगितलं. सर काही बोलले नाहीत, फक्त कपाटाची किल्ली काढून दिली.

त्या शनिवारी मी जे शिकले ते माझ्या भाषेत सांगते. विंडोजमध्ये रजिस्ट्री नावाची एक मोठी नोंदवही असते. आपल्या जनरल रजिस्टरसारखी समजा. कॉम्प्युटरने कसं वागायचं त्याच्या हजारो नोंदी त्यात असतात. त्यात ‘पॉलिसीज’ असा एक भाग आहे. कार्यालयांत कर्मचाऱ्यांनी सेटिंगला हात लावू नये म्हणून संगणक विभागाला कुलपं लावता यावीत, यासाठी मायक्रोसॉफ्टनेच तो दिलेला. टास्क मॅनेजर बंद अशी नोंद, तिच्यापुढे १ लिहिलं की कुलूप लागलं, ० केलं किंवा नोंदच पुसली की उघडलं. फोल्डर ऑप्शन्सचं तसंच, रजिस्ट्री एडिटरचं तसंच. व्हायरसने नवीन कुलूप आणलेलंच नाही, आपल्याच कुलपाचा खटका दाबलाय. आणि का, तर टास्क मॅनेजर उघडला की तो चालताना दिसेल, फोल्डर ऑप्शन्स असतील तर त्याची लपवलेली फाइल दिसेल.

अँटीव्हायरस चालवला तरी कॉम्प्युटर ‘बरा’ का होत नाही, तेही इथं कळतं. अँटीव्हायरस व्हायरसची फाइल काढतो. पण ती १ ची नोंद व्हायरसने केली की खऱ्याखुऱ्या ॲडमिनिस्ट्रेटरने, हे त्याला सांगता येत नाही, म्हणून बऱ्याचदा तो तिला हात लावत नाही. ताप उतरलेला असतो, तोंडाची चव तेवढी गेलेली असते, आणि आपण पेशंट गेला असं समजून फॉरमॅट मारतो.

मी उत्साहाने म्हटलं, चल मग, उघड कुलपं. त्याने उघडलं एक. पाच मिनिटांत परत बंद! कारण व्हायरस आत चालूच होता, तो पुन्हा १ लिहीत होता. तो हसला, म्हणाला, मुद्दाम दाखवलं बाई. क्रम महत्त्वाचा. आधी इंटरनेटची वायर काढायची. कॉम्प्युटर सुरू होताना एफ ८ दाबून सेफ मोडमध्ये जायचं (विंडोज १० मध्ये शिफ्ट धरून रीस्टार्ट करतात), म्हणजे बहुतेक व्हायरस आपोआप सुरू होत नाहीत. मग स्कॅन. स्कॅन करायचं सॉफ्टवेअर त्याने सीडीवर आणलं होतं. जुनाट वाटलं मला, पण पेन ड्राइव्ह लावला की तोही लगेच बाधित होतो, आणि लिहून बंद केलेल्या सीडीवर व्हायरसला काही लिहिता येत नाही. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर अशी साधनं फुकट मिळतात, हेही त्याच्याकडूनच समजलं. २०१७ पासून आहे म्हणे. आम्हाला शाळेत एवढी परिपत्रकं येतात, याचं आलेलं मला तरी आठवत नाही.

स्कॅन झाल्यावर कुलपं. आमच्या मशीनवर विंडोजची प्रोफेशनल आवृत्ती होती, त्यामुळे ग्रुप पॉलिसी एडिटर उघडला. त्यात युजर कॉन्फिगरेशन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, सिस्टीम, आणि त्यात कंट्रोल-आल्ट-डिलीटच्या पर्यायांमध्ये ‘रिमूव्ह टास्क मॅनेजर’. गंमत म्हणजे तिथं ‘नॉट कॉन्फिगर्ड’ दिसतं, म्हणजे कुलूपच नाही असं. इथं पुष्कळजण फसतात आणि बंद करून उठतात. व्हायरसने मागच्या दाराने थेट नोंदवहीत लिहिलेलं असतं, ते इथं दिसत नाही. तरीही ‘डिसेबल्ड’ निवडून ओके करायचं, की नोंद पुसली जाते. रजिस्ट्री एडिटरचं कुलूप तिथंच ‘सिस्टीम’मध्ये, फोल्डर ऑप्शन्सचं विंडोज एक्सप्लोररच्या खाली. घरच्या लॅपटॉपवर होम आवृत्ती असेल तर हा एडिटर नसतो. तेव्हा दुसऱ्या ॲडमिनिस्ट्रेटर खात्यातून आत जायचं. ही कुलपं बहुतेक वेळा मशीनला नसतात, त्या एका खात्याला असतात. नवीन खातं मोकळं निघालं तर आपल्या फाइली तिकडे उचलून घ्यायच्या, संपलं.

पहिल्या मशीनला दीड तास लागला. सातवं वीस मिनिटांत झालं, आणि ते मी एकटीने केलं. तो बाजूला बसून वडापाव खात होता.

लपलेली फोल्डरं बाहेर काढली तेव्हा त्या सात मशीनवर मुलांच्या सतरा गोष्टी जशाच्या तशा सापडल्या. उरलेल्या चौदा तीन नंबरच्या मशीनवर होत्या, ज्याला आम्ही फॉरमॅट मारलं होतं. व्हायरसने एक अक्षर पुसलेलं नव्हतं. पुसलं ते आम्ही, पैसे देऊन.

म्हणून माझं पहिलं म्हणणं दुरुस्तीवाल्यांना नाही, आपल्याला आहे. ‘फॉरमॅट मारा’ असं कुणी म्हणालं की आधी विचारा, आत काय आहे? फॉरमॅट कधीच करू नये असं मी म्हणत नाही. पैशांचे व्यवहार चालणाऱ्या मशीनवर काय घुसलंय याची खात्रीच नसेल तर सगळं पुसून नव्याने टाकणंच बरं. पण आधी मुलांचं लिहिलेलं बाहेर काढून. आणि व्हायरस निघाल्यावर सगळे पासवर्ड बदला, तेही दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून. आमच्या ऑफिसात ही गोष्ट कुणाच्या डोक्यातच आली नव्हती.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. फाइलींची नावं विचित्र झालीत, उघडत नाहीत आणि स्क्रीनवर पैसे मागणारी चिठ्ठी आहे, तर ते रॅन्समवेअर. तिथं सेटिंगला नाही, तुमच्या फाइलींनाच कुलूप लावलेलं असतं आणि वरचं काहीही चालत नाही. वायर काढा, घाईने पैसे देऊ नका, सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन. युरोपोल आणि डच पोलिसांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या संकेतस्थळावर काही प्रकारांच्या किल्ल्या फुकट मिळतात. सगळ्यांच्या नाही.

दुसरं म्हणणं त्या खोलीच्या कुलपाबद्दल. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा हल्ला झाला, तेव्हा इथं आपल्या न्हावा शेवाच्या बंदरातलं मर्स्क समूहाचं टर्मिनल ठप्प झालं होतं. जगभर त्या कंपनीचे कॉम्प्युटर पडले. आमच्यासारखं सेटिंग बिघडणं नव्हतं ते, सगळं उद्ध्वस्तच. कंपनीच्या अध्यक्षांनी पुढे जाहीरपणे सांगितलं, की ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर दहा दिवसांत नव्याने उभे केले. आणि ते जमलं कशामुळे, तर घानामधल्या त्यांच्या एका कार्यालयात हल्ल्याच्या वेळी वीज गेली होती, म्हणून तिथली एक महत्त्वाची प्रत तेवढी वाचली. पंचेचाळीस हजार मशीन, दहा दिवस. आमची सात, चार महिने. त्यांची माणसं आमच्यापेक्षा हुशार असतील, पैसाही असेल. पण मुख्य फरक मला वेगळा वाटतो. त्यांचं काम थांबलं होतं. आमच्या खोलीत मुलं जे करत होती ते कुणाला काम वाटतच नव्हतं. ऑफिसचा कॉम्प्युटर पगाराच्या तारखेला बंद पडला असता तर चार महिने लागले असते का?

कुलूप हा उपाय आहे असं मानणाऱ्यांना मी एवढंच विचारीन, की व्हायरस आणला कुणी? मोठ्या माणसाने. मुलांजवळ तर पेन ड्राइव्हही नसतात. आणि खरा बंदोबस्त करायचा असेल तर तो फुकट आहे. मुलांना ॲडमिनिस्ट्रेटरच्या खात्यात बसवू नका, साधं ‘स्टँडर्ड’ खातं द्या. त्या खात्याला पॉलिसीजच्या नोंदीत लिहायची परवानगीच नसते, त्यामुळे त्यातून व्हायरस चालला तरी ही कुलपं तो लावू शकत नाही. आमच्याकडे सगळी मशीन ॲडमिनिस्ट्रेटर खात्यावर चालू होती, आणि ‘सारखं विचारतंय’ म्हणून परवानगी मागणारी ती खिडकीही कुणीतरी बंद करून टाकली होती. विंडोज ७ ला तर मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० पासून सुरक्षेचे अपडेटच थांबवलेत. केरळच्या सरकारी शाळांत कित्येक वर्षांपासून लिनक्स वापरतात, त्यांना ही पेन ड्राइव्हची कटकट फारशी नाही. बॉस नावाची भारतीय लिनक्स तर सी-डॅकचीच, जिचं मुख्यालय आपल्या पुण्यात आहे. आम्ही दोन जुन्या मशीनवर लिनक्स टाकून बघतोय. मराठी टाइप करायला मुलांना काहीच अडचण आली नाही. अडचण आली ती मला.

काही शिक्षक म्हणतील, बाई, मतदार याद्या आम्ही करायच्या, सर्वेक्षणं आम्ही करायची, आता रजिस्ट्रीही आम्हीच दुरुस्त करायची का? तक्रार खरी आहे आणि शाळेला संगणक शिक्षक मिळायलाच हवा. पण तो मिळेपर्यंत मुलांची सहावी-सातवी निघून जाते. एका शनिवारचा प्रश्न होता. शिवाय मुलांनाही येतं हे. क्विक हीलचे कैलास काटकर दहावीनंतर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीला लागले, दुकानात दुरुस्तीला येणाऱ्या कॉम्प्युटरमधल्या व्हायरसवर त्यांच्या धाकट्या भावाने, संजयने, इलाज लिहायला घेतला आणि त्यातून कंपनी उभी राहिली. बिघडलेलं मशीन समोर उघडं होतं म्हणून हे झालं.

कक्ष उघडला त्या दिवशी मी सातवीच्या वर्गात जाऊन सांगितलं, की व्हायरस तुम्ही नाही, मी आणला होता. वर्ग दोन सेकंद गप्प. मग मागून आवाज आला, ‘बाई, मग तुम्ही गेम टाकला होता का?’ सगळे हसले. ज्याला घरी मार बसला होता तो हसला नाही. मधल्या सुट्टीत मी त्याच्याजवळ गेले. त्याच्या आईशीही फोनवर बोलले.

त्याची गोष्ट हरवलेल्या चौदांमधली होती. आता त्याने ती पुन्हा लिहायला घेतलीय, स्टँडर्ड खात्यातून, आणि तास संपला की स्वतःच दुसऱ्या ठिकाणी तिची एक प्रत ठेवतो. पहिल्यापेक्षा ही मोठी झालीय असं म्हणतो. ताडून बघायला पहिली नाहीये.